पगारपत्रकातले दोनशे रुपये

माझा भाचा हिंजवडीला फेज दोनमध्ये नोकरी करतो. मागच्या रविवारी घरी जेवायला आला होता. जेवण झाल्यावर त्यानं मोबाइलवर पगाराची स्लिप उघडली आणि माझ्यापुढे धरली.

"मामू, इन्कम टॅक्स समजला, पीएफ समजला. हे पीटी दोनशे कसले कापतात दर महिन्याला? आणि फेब्रुवारीत तीनशे?"

प्रश्न साधा होता, पण तो विचारण्यामागे आणखी काही होतं. त्या आठवड्यात त्याच्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. या देशात मूठभर नोकरदार कर भरतात आणि बाकीचे त्यावर फुकट जगतात, असा. खाली फुकट्यांची यादी होती. कर्जमाफीवाला शेतकरी, रोजगार हमीचा मजूर, रेशनवाला आणि शेवटी, नेहमीप्रमाणे, हजला जाणारा. भाच्यानं तो वाचला होता आणि काहीच लिहिलं नव्हतं. "मी भरणाऱ्यांत पण आहे आणि खाणाऱ्यांत पण," असं म्हणून तो हसला. ते हसणं मला बरं वाटलं नाही.

हजचं उत्तर थोडक्यात देता येतं. हजच्या विमानभाड्यावरचं अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलं आणि २०१८ साली ते बंदही झालं. ऐपत असेल त्यालाच हज फर्ज आहे, सरकारी पैसा त्यात नको, असं आपल्यातलेच कितीतरी लोक त्याआधीपासून म्हणत होते. मेसेज लिहिणाऱ्याला हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

पीटीचं उत्तर मात्र लांब आहे. त्या उत्तरात आमच्या घरातलीच एक बाई येते, म्हणून ते नीट सांगायला बसलो.

सुरुवात मंगळवेढ्यापासून करतो. दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. बिदरच्या बादशहाचा हा कारभारी. भयंकर दुष्काळ पडला तेव्हा त्यानं सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडी केली. बादशहानं जाब विचारायला बोलावलं, तेव्हा विठ्ठलानं विठू महाराचं रूप घेऊन बिदरच्या दरबारात धान्याची किंमत भरली. कथा कथा म्हणूनच घ्यावी. पण तिच्यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कोठारातलं धान्य मुळात रयतेनंच पिकवून सारा म्हणून भरलेलं होतं, तेव्हा ते तिच्याच तोंडी गेलं तर बिघडलं काय, असं कथेतलं कुणीच विचारत नाही. बादशहा नाही, दामाजी नाही, खुद्द विठोबाही नाही. देवालासुद्धा पैसे भरूनच भक्त सोडवावा लागला. सरकारजमा झालेला पैसा सरकारचा, ही समजूत इतकी जुनी आहे.

आपण ज्याला इन्कम टॅक्स म्हणतो तो हिंदुस्थानात १८६० साली आला. १८५७ चा उठाव मोडून काढण्यात कंपनी सरकार आणि मागून आलेलं राणीचं सरकार कर्जात बुडालं होतं. ती तूट भरायला जेम्स विल्सन नावाचा अर्थमंत्री विलायतेहून पाठवला गेला. वर्षाला २०० रुपयांच्या वर कमाई असलेल्यांवर त्यानं कर बसवला. ५०० रुपयांपर्यंत शेकडा २ आणि त्यावर शेकडा ४. विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला, पण कर राहिला. म्हणजे आपल्याकडच्या आयकराचा जन्मच मुळी लोकांचं बंड चिरडल्याच्या खर्चातून झाला, आणि तो खर्च त्याच लोकांकडून वसूल झाला.

पुढचा प्रसंग माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा कणा आहे, पण तो फारसा कुणी सांगत नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. पुणे, सोलापूर, नगर, सातारा हे सगळे जिल्हे होरपळले. सरकारनं दुष्काळी कामं काढली. नीरा कालव्याचं खोदकाम त्यातच सुरू झालं आणि दौंड-मनमाड रेल्वेमार्गही त्याच काळात झाला. आज पुण्याहून मनमाडकडे गाडीनं जाताना आपण उपाशी माणसांनी टाकलेल्या भरावावरून जातो. रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं खर्च वाचवण्यासाठी मजुरी उतरवली. दिवसाला एक रत्तल, म्हणजे अर्धा किलोही नाही, इतकं धान्य आणि वर किरकोळ नाणं. त्यावर दिवसभर दगड फोडायचे. १८७७ च्या सुरुवातीला हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जावर अर्ज केले. हिंदुस्थानभर त्या दुष्काळात पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली.

दुष्काळ सरल्यावर लॉर्ड लिटनच्या सरकारनं एक नवी कल्पना काढली. दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूला काढायचे आणि ते पुढच्या दुष्काळासाठी राखायचे. त्यासाठी व्यापारी आणि कारागिरांवर १८७८ साली लायसन टॅक्स बसवला. सुरतेत त्यावरून दंगा झाला. तरी सरकारचं म्हणणं होतं की, हा पैसा दुष्काळासाठीच आहे, दुसरीकडे जाणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अफगाणिस्तानशी युद्ध सुरू झालं. दुष्काळासाठी जमवलेला पैसा लढाईच्या खर्चात जिरला. गोरगरिबांच्या नावानं कर घ्यायचा आणि तोफांवर खर्च करायचा, हे इथल्या वर्तमानपत्रांनी आणि सभांनी विसरू दिलं नाही. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांचा मुद्दा याच जातीचा होता. लोक दुष्काळात मरत असताना सरकारी तिजोरीत दरसाल शिल्लक पडत असेल, तर तो कारभाराचा चांगुलपणा नव्हे, गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याचा पुरावा आहे, असं ते म्हणत होते.

एवढं ऐकल्यावर भाचा म्हणाला, "मामू, पीटी कुठं आला यात?" त्याला म्हटलं, थांब बेटा, आता बहात्तरच्या दुष्काळावर येतो.

आमचं मूळ घर करमाळा तालुक्यातलं. दादा पिंजारी. गाद्या-उशा पिंजून द्यायचे. १९७२ ला सलग दुसरं-तिसरं वर्ष पाऊस दगा देऊन गेला. ज्याच्या घरात ज्वारी नाही तो गादी कशाला भरून घेईल? पिंजण भिंतीला टांगलं गेलं आणि दादी दुष्काळी कामावर गेली. डोक्यावरचा पदर दातात धरून तिनं खडी फोडली. हजेरीच्या वहीत अंगठा उठवला, सुकडी खाल्ली, रेशनची लाल मिलो आणली. बिरादरीतले काही लोक नावं ठेवत होते, बाईमाणूस रस्त्यावर बसतं म्हणून. दादीचं त्यावरचं उत्तर एकच होतं, की नावं ठेवणाऱ्यांनी संध्याकाळी भाकरी पाठवावी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. १८७७ सारखी माणसं मेली नाहीत. दुष्काळ तोच, माळही तोच. फरक एवढाच की या वेळी काम आणि मजुरी मिळाली.

पण ते काम सरकारच्या मर्जीचं होतं. दुष्काळ जाहीर झाला तर काम, पाऊस पडला की बंद. ते हक्काचं करायचं डोकं विठ्ठल सखाराम पागे यांचं. नावही विठ्ठलच. विधान परिषदेचे ते बरीच वर्षं सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात साठच्या दशकातच त्यांनी या कल्पनेचा लहान प्रयोग करून पाहिला होता. गावातला जो कुणी सज्ञान माणूस अंगमेहनतीचं काम मागेल त्याला ते द्यायचं, इतकी ती साधी होती. १९७२ ला योजना राज्यभरासाठी ठरली, मध्ये दुष्काळ आला, आणि दुष्काळ ओसरल्यावर ती खऱ्या अर्थानं सुरू झाली.

प्रश्न पैशाचा होता. त्याचं उत्तर म्हणजे भाच्याच्या स्लिपवरचे ते दोन अक्षरांचे दोनशे रुपये. १ एप्रिल १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर सुरू झाला. शहरातला नोकरदार, डॉक्टर, वकील, दुकानदार या सगळ्यांकडून थोडं थोडं घ्यायचं. त्याच्या जोडीला वाहनांवर, विक्रीकरावर, शहरातल्या बिगर-राहत्या इमारतींवर आणि बागायती जमिनीवर जादा आकारणी. यातून जितकं जमेल तितकीच रक्कम सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची आणि सगळं रोजगार हमी निधीत टाकायचं. सर्वांत मोठा वाटा अर्थातच मुंबईचा. गिरगावातला कारकून करमाळ्याच्या पिंजाऱ्याच्या बायकोला मजुरी देत होता. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं.

रोजगार हमीचा कायदा १९७७ साली दोन्ही सभागृहांत एकमतानं झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता. एक रुपया आज हसण्यासारखा वाटेल. पण सरकार काम देऊ शकलं नाही तर सरकार देणं लागतं, हे या देशात पहिल्यांदा कायद्यात लिहिलं गेलं. १८७७ च्या संपकऱ्यांना मिळालं नव्हतं ते हे. दादी त्या कामावरही गेली. गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या बांधावर तिनं दोन उन्हाळे माती टाकली.

ही योजना सोन्याची होती असं मी म्हणत नाही. खोटी मस्टरं झाली, मेलेल्या माणसांच्या हजेऱ्या लागल्या, मजुरी महिना महिना रखडली. आणि एक अन्याय तर तिच्या रचनेतच होता. तलाव बांधला बिनजमिनीवाल्यांनी, पाणी उतरलं जमीनवाल्यांच्या विहिरीत. १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. डाळिंब, आंबा, बोर यांच्या बागा महाराष्ट्रात फोफावल्या त्यामागे हा पैसा आहे. दादीच्या तलावाखालीही बागा आहेत. आमची एकही नाही.

"म्हणजे माझे दोनशे रुपये आत्ताही तिकडेच जातात?" भाच्यानं विचारलं.

इथं मला खरं बोलणं भाग होतं. पुढच्या काळात नोकरदार वाढत गेले आणि वसुली वाढत गेली. घटनेच्या २७६ व्या कलमानं या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा होती, ती १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं २५०० झाली. वसुली अशी चढत असताना रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मात्र उतरत गेली. सरकार आपला बरोबरीचा वाटा पुरा घालत नाही आणि हमीच्या नावानं घेतलेला पैसा सगळा हमीवर जात नाही, ही टीका वारंवार झाली. २००५ साली आपल्या या योजनेच्या अनुभवावरून केंद्रानं देशभराचा कायदा केला. २००६ पासून वर्षाला शंभर दिवसांपर्यंतच्या अकुशल कामाची मजुरी दिल्लीहून येऊ लागली आणि राज्यावरचा भार हलका झाला. स्लिपवरचे दोनशे मात्र तसेच राहिले. ते कापताना कशासाठी कापले, हे सांगणारं कुणी उरलं नाही. लिटनच्या निधीची गोष्ट इतक्या ठळकपणे पुन्हा घडली असं मी म्हणणार नाही. पण ज्या नावानं कर घेतला ते नाव लोक विसरले की हिशेब विचारणाराही उरत नाही, एवढं दोन्हीकडे सारखं आहे.

आपल्याकडे जकातीचा नियम याच्या बरोबर उलट आहे. जकात कुणावर, किती, हे ठरलेलं आहेच. पण ती कुठे खर्च करायची, ते आठ मार्गही कुरआनात नावानिशी सांगितले आहेत. गरीब, गरजू, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी. वसूल करणाऱ्याचा पगारही त्यात मोजलेला आहे. देणारा विचारू शकतो, माझं दिलेलं या आठांपैकी कशात गेलं? राज्याचा कर तसा नसतो. १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कर आणि फी यांतला फरक सांगितला तो हाच. फी दिली की त्या बदल्यात ठरावीक सेवा मागता येते, कर दिला म्हणून थेट बदली काही मागता येत नाही. व्यवसाय कराचं वेगळेपण असं की कर असूनही त्याच्या जन्मवेळी एक मार्ग त्याला नेमून दिला होता.

आता त्या मेसेजकडे येऊ. मूठभर भरतात, बाकीचे खातात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारनं रुपयाचा हिशेब छापला होता. खर्चाच्या प्रत्येक रुपयातले २२ पैसे राज्यांना करातला वाटा म्हणून जाणार होते, २० पैसे कर्जावरच्या व्याजात, ८ पैसे संरक्षणावर, ४ पैसे पेन्शनवर. ज्या अनुदानांवरून एवढा आरडाओरडा होतो ती मोठी अनुदानं ६ पैसे. आणि ते २० पैसे व्याज कुणाला जातं? सरकारी रोखे घेतलेल्या बँकांना, विमा कंपन्यांना आणि भविष्य निर्वाह निधीला. म्हणजे भाच्याच्या स्लिपवर पीएफची जी ओळ आहे, तिच्यातही त्याच्याच टॅक्सचा थोडा भाग व्याज होऊन परत येतो. यादीत त्याला कुणी फुकट्या म्हटलेलं नाही.

शिवाय कर फक्त स्लिपवाला भरत नाही. दादीनं आयुष्यात कधी आयकर भरला नाही, पण काडेपेटी आणि रॉकेल यांच्या किमतीत कर होताच. तो ती रोज भरत होती आणि त्याची पावती तिला कधी मिळाली नाही.

हिंजवडीत तर हे जास्त स्पष्ट दिसतं. भाच्याच्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन महिन्याला दहा हजारांच्या वर पगार घेतो, म्हणून त्याचाही वर्षाला २५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. वरच्या मजल्यावर वर्षाला तीस लाख घेणाऱ्या मॅनेजरचेही २५००. घटनेतली मर्यादा १९८८ पासून तिथेच थांबलेली आहे, त्यामुळे वर जाता येत नाही. साफसफाई करणाऱ्या बाईला मात्र २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत हा कर नाही, ही एक चांगली गोष्ट झाली. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे २५०० रुपये ही आठ दिवसांची मजुरी झाली. वॉचमनसुद्धा वर्षातून आठ दिवस कुणाला तरी काम देण्याइतका कर भरतो. त्याला हे कुणी सांगितलेलं नाही.

भाच्याची तक्रार खोटी नाही, हेही सांगतो. पावसाळ्यात हिंजवडीचे रस्ते ओढे होतात, चार किलोमीटरला तास लागतो, आणि माणूस साहजिकच म्हणतो, माझा एवढा टॅक्स जातो कुठे? पण त्याचा आयकर दिल्लीला जातो. त्यातल्या वाटपयोग्य करांचे ४१ टक्के सगळ्या राज्यांत मिळून येतात, त्यातला महाराष्ट्राचा वाटा २०२५-२६ पर्यंत ६.३१७ टक्के होता, आणि सेस व अधिभार तर वाटपात धरतच नाहीत. उलट त्याच्या ऑफिससमोरच्या रस्त्याचा आणि नाल्याचा प्रश्न ग्रामपंचायत, एमआयडीसी, पीएमआरडीए, सार्वजनिक बांधकाम आणि शेजारची महापालिका यांच्या हद्दींच्या रेघांवर अडकतो. रस्ता बुडाला तो रोजगार हमीच्या मजुरानं पैसे खाल्ले म्हणून नाही. राग खरा आहे, पत्ता चुकलेला आहे. मेसेज लिहिणाऱ्यांना तो चुकलेलाच राहावा असं वाटतं, कारण मजुराकडे किंवा मुसलमानाकडे बोट दाखवलं की हिशेब मागावा लागत नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं ग्रुप उघडला आणि लिहिलं, "माझ्या अम्मीच्या दादीनं रोजगार हमीवर माती टाकली. तो तलाव अजून आहे." तासाभरात जतच्या एका मुलाचं उत्तर आलं, "माझ्या आजीनंपण." बाकी कुणी काही लिहिलं नाही.

त्याला मी एकच सांगितलं. पुढच्या वेळी स्लिपवर पीटी दिसलं की कुरकुर जरूर कर, तो तुझा हक्क आहे. पण कुरकुर मजुराबद्दल नको. हे दोनशे रुपये १९७५ साली ज्या कामासाठी ठरले होते त्यातले किती त्या कामाला गेले, ते सरकारला विचार. तो हिशेब मागायचा तुझा हक्क आहे आणि गेटवरच्या वॉचमनचाही. दादीनं आयुष्यभर अंगठा उठवला, तिला वही वाचता येत नव्हती. आपल्याला येते.